जावई की सालगडी? गिलादच्या डोंगरावरचा एक हिशेब



जालना शहराजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ती वसवली. गावकुसाबाहेर ज्यांची जिंदगी गेली अशी माणसे तिथे नांदायला आली. वस्तीला नाव दिले गेले ते बायबलच्या पहिल्या पुस्तकातून, उत्पत्तीतून. भावाला फसवून घरातून पळालेला याकोब रानात उशाला दगड घेऊन झोपला आणि आभाळाला टेकलेली शिडी त्याला स्वप्नात दिसली, ते ठिकाण म्हणजे बेथेल. ही कथा पुष्कळांना माहीत असते. त्याच पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात बेथेलचा पुन्हा उल्लेख येतो, तिकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मामाच्या घरी वीस वर्षे राबून झाल्यावर याकोबाला पुन्हा स्वप्न पडते. ऊठ, हा देश सोड, आपल्या मुलखात परत जा असे त्यात सांगणारा देव आपली ओळख बेथेलचा देव अशीच करून देतो. पळून जाणाऱ्या पोराला ज्या नावाने आसरा दिला, त्याच नावाने थकलेल्या कामकऱ्याला परतीची वाट दाखवली. आज मी त्या परतीच्या वाटेबद्दल बोलणार आहे. गिलादच्या डोंगरात सासऱ्याने जावयाला गाठले आणि दोघांत जो तंटा झाला, तो नेमका कशाचा होता, हा माझा प्रश्न आहे.

कथा थोडक्यात सांगतो. लाबान हा याकोबाचा सख्खा मामा, आई रिबकेचा भाऊ. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडेही अनेक समाजांत असल्यामुळे हे नाते मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. याकोब रिकाम्या हाताने मामाकडे आला होता. धाकट्या राहेलवर त्याचा जीव जडला. हुंडा उलटा होता, मुलीसाठी मुलाने द्यायचा, आणि द्यायला त्याच्याजवळ काहीच नव्हते. म्हणून सात वर्षे चाकरीची बोली झाली. सात वर्षे भरली, लग्न लागले आणि सकाळी पाहतो तो शेजारी थोरली लेआ. राहेलसाठी आणखी सात वर्षे राबावे लागले. त्यानंतरची सहा वर्षे मेंढरांतल्या हिश्श्यावर गेली. मग लाबान लोकर कातरायला गेलेला असताना याकोब बायका, मुले, कळप घेऊन न सांगता निघाला, आणि निघताना राहेलने बापाचे घरातले देव उचलले. तिसऱ्या दिवशी लाबानाला कळले. सात दिवस पाठलाग करून त्याने त्यांना गिलादच्या डोंगरात गाठले.

हा प्रसंग दोन तऱ्हांनी वाचला जातो. एक वाचन भाविकांचे: देवाने आपल्या माणसाला जुलमी सासऱ्याच्या हातून सोडवले. दुसरे वाचन चतुराईच्या गोष्टीचे: एकाला एक भेटला, फसवणाऱ्याला फसवणारा मिळाला. दोन्ही वाचनांना मजकुरात आधार आहे. पण त्या डोंगरावर जी भाषणे झाली त्यांतला मोठा भाग दोन्हींत निसटतो. तिथे दोन माणसे एकमेकांना शिव्या घालत नाहीत, हिशेब मांडतात. आणि त्या हिशेबाच्या तळाशी एकच प्रश्न आहे: वीस वर्षे या घरात राहिलेला हा माणूस जावई होता की गडी? माझे म्हणणे असे की लाबानाने या प्रश्नाचे उत्तर कधीच एक ठेवले नाही. मोबदला द्यायची वेळ आली की याकोब घरचा माणूस ठरे, आणि निघायची वेळ आली की तो चाकर ठरे. सगळा ताण या दुटप्पीपणातून उपजला आहे, आणि कथाकाराला ते पक्के माहीत आहे.

पुरावा एकोणतिसाव्या अध्यायापासूनच आहे. याकोब महिनाभर मामाकडे राहिल्यावर लाबान त्याला विचारतो की तू माझा भाऊबंद आहेस म्हणून काय माझी चाकरी फुकट करावीस, तुझी मजुरी सांग. वरवर हे उदारपणाचे बोलणे वाटते. पण त्या क्षणाला घरात काय बदलले ते पाहा. महिनाभर पाहुणा असलेला भाचा आता मजुरी ठरवलेला माणूस झाला, आणि ती मजुरी म्हणजे घरातलीच मुलगी. नाते आणि मजुरी एका गाठीत बांधली गेली की ती गाठ कधी ओढायची आणि कधी सैल सोडायची, हे ज्याच्या हातात घर आहे त्याच्या मर्जीवर राहते. मराठवाड्यात हे कोणाला नवे नाही. सालगडी पाडव्याला साल धरतो, उचल घेतो, धान्य आणि कपडालत्ता ठरतो. मालक त्याला घरच्यासारखा म्हणतो, आणि कित्येक ठिकाणी त्या म्हणण्यात खरा जिव्हाळाही असतो. पण वही मालकाकडे असते. खाडे किती झाले, उचलीतून किती फिटले, हे त्या वहीतून ठरते. याकोबाची तक्रार हीच आहे: मजुरी दहा वेळा बदलली गेली. हीच गोष्ट आधी तो रानात बायकांना बोलावून सांगतो आणि मग डोंगरावर सासऱ्याच्या तोंडावर सांगतो.

आता डोंगरावरचा प्रसंग जवळून पाहू. लाबान आधी बोलतो, आणि तो बापाच्या भाषेत बोलतो. तू माझ्या मुली लढाईत धरलेल्या बंदिवानांसारख्या नेल्यास. सांगितले असतेस तर गाणी गात, डफ वाजवत तुला वाटे लावले असते. नातवंडांचा मुकासुद्धा घेऊ दिला नाहीस. मग एकदम आवाज बदलतो: तुझे वाईट करायची ताकद माझ्या हातात आहे, पण काल रात्री तुझ्या बापाच्या देवाने मला बजावले. आणि शेवटी: माझे देव का चोरलेस? याकोबाला राहेलचे कृत्य माहीत नसते. ज्याच्याकडे देव सापडतील तो जगणार नाही, असे तो बोलून बसतो. मग झडती सुरू होते. लाबान याकोबाच्या तंबूत जातो, लेआच्या तंबूत जातो, दोघी दासींच्या तंबूत जातो, आणि शेवटी राहेलच्या. तिने ते देव उंटाच्या खोगिरात घालून त्यावर बैठक मारली आहे. बायकांच्या रीतीप्रमाणे मी बसले आहे, उठता येत नाही, रागावू नका बाबा, असे ती सांगते. बाप सगळा तंबू चाचपतो आणि रिकाम्या हाताने बाहेर येतो.

झडती फोल गेली आणि याकोबाचे बांध फुटले. माझे सगळे सामान चाचपलेस, त्यात तुझ्या घरचे काय सापडले ते इथे तुझ्या आणि माझ्या माणसांपुढे ठेव, ते आपल्या दोघांचा निवाडा करतील, असे तो म्हणतो. बोलणे तंबूतून पंचांपुढे आले. आणि मग वीस वर्षांचा ताळेबंद येतो. तुझ्या मेंढ्या-शेळ्या गाभडल्या नाहीत, तुझे एडके मी खाल्ले नाहीत. जनावराने फाडलेले मी तुझ्याकडे आणले नाही, त्याची भरपाई मी केली. दिवसा चोरीला गेले काय आणि रात्री गेले काय, तू ते माझ्याकडून मागितलेस. दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने मी झिजलो, डोळ्याला डोळा लागला नाही. चौदा वर्षे तुझ्या दोन मुलींसाठी, सहा वर्षे तुझ्या कळपासाठी.

या ताळेबंदातले एक कलम काळजीपूर्वक वाचायला हवे. फाडलेल्या जनावराची भरपाई मी केली, हे याकोब नुसत्या दुःखाने सांगत नाही, तो कायद्याकडे बोट दाखवतो. हम्मुराबीची संहिता ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातली. ती कोरलेला शिलास्तंभ 1901-02 मध्ये सुसा येथे सापडला आणि आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. तिचे 266वे कलम मेंढपाळाबद्दल आहे. कोंडवाड्यात दैवी आपत्ती आली किंवा सिंहाने जनावर मारले, तर मेंढपाळाने देवासमोर शपथ घेऊन आपली निर्दोषता सांगावी आणि नुकसान मालकाने सोसावे. हलगर्जीपणा झाला तरच भरपाई मेंढपाळावर, हे पुढचे कलम सांगते. बायबलच्या निर्गम या पुस्तकातला, बाविसाव्या अध्यायातला नियमही त्याच वळणाचा आहे: फाडलेले जनावर पुरावा म्हणून आणून दाखवले की भरपाई नाही. म्हणजे त्या जगात जे नुकसान मालकाचे मानले जाई, ते लाबानाने वीस वर्षे राखणदाराच्या माथी मारले. तेव्हाच्या कोणत्याही धनगराला हे वाक्य ऐकताच त्यातला अन्याय कळला असता. आपल्याला तो कळण्यासाठी शिलालेख वाचावा लागतो, एवढाच फरक.

आणि मग लाबानाचे उत्तर येते. माझ्या मते संपूर्ण अध्यायाची किल्ली तिथे आहे. तो याकोबाचे एकही कलम खोडत नाही. मजुरी दहा वेळा बदलली नाही असे म्हणत नाही, भरपाई मागितली नाही असेही म्हणत नाही. तो म्हणतो: मुली माझ्या, मुले माझी, कळप माझा, जे जे तुला दिसते ते सगळे माझे. आज आपण याकडे हटवादी म्हाताऱ्याचा त्रागा म्हणून पाहतो. पण निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात दासाच्या सुटकेचा नियम आहे: सहा वर्षे चाकरी करून सातव्या वर्षी दास सुटावा, पण धन्याने त्याला बायको दिली असेल आणि तिला मुले झाली असतील तर बायको आणि मुले धन्याची, दासाने एकट्यानेच जावे. लाबानाचा दावा अक्षरशः हाच आहे. याकोब त्याच्या दृष्टीने दास असेल, तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. याकोब जावई असेल, तर ते अपहरण आहे. याकोबाने पळून जाण्याचे जे कारण सुरुवातीला सांगितले, की तू आपल्या मुली माझ्यापासून हिसकावून घेशील अशी मला भीती वाटली, ते या उजेडात वाचावे. ती भीती एका नियमाची होती.

कायद्याचे आणि बायबलचे अभ्यासक डेव्हिड डॉब यांनी याकोबाच्या या कथेत दासाच्या सुटकेचा साचा दाखवला होता. अनुवाद या पुस्तकाचा पंधरावा अध्याय सांगतो की सुटणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला भरभरून द्यावे. याकोब आपले भाषण संपवतो ते याच मुद्द्यावर: देव माझ्या बाजूने नसता तर तू मला रिकामाच पाठवला असतास. म्हणजे तो दुहेरी दावा करतो. मी जावई आहे, म्हणून बायकामुले माझी. आणि तुला मला गडीच समजायचे असेल, तरी गड्याचेही काही देणे लागते, ते तू दिले नाहीस.

इथे एक आक्षेप येईल. याकोब कुठला सज्जन? त्याने आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद लाटला. मेंढरांच्या वाटणीतही सोललेल्या काठ्या पाण्याच्या हौदांसमोर ठेवून त्याने डाव साधला. अशा माणसाच्या तोंडी मजुराचा कैवार शोभत नाही. आक्षेप वजनदार आहे, पण पुरता नाही. ठिपकेदार आणि काळी जनावरे याकोबाची, असे ठरले त्याच दिवशी लाबानाने नेमकी तीच जनावरे वेगळी काढून मुलांच्या हवाली केली आणि तीन दिवसांच्या वाटेवर पाठवली. वाटणीतली पहिली फसवणूक त्याची आहे. शिवाय मजुरी मिळण्यासाठी मजुराचे चारित्र्य निष्कलंक असावे लागते, ही अट कोण घालतो? नेहमी तोच, ज्याच्याकडून देणे असते. कथाकार याकोबाला धुऊन काढत नाही, आणि तरी त्याचा हिशेब पूर्ण ऐकून घेतो. यातच या कथेची प्रौढता मला दिसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लाबानाचे वात्सल्य खोटे कसे म्हणावे? तो खरोखर बाप आहे, आजोबा आहे. सकाळी उठून तो नातवंडांचे आणि मुलींचे मुके घेतो, त्यांना आशीर्वाद देतो आणि परत जातो. मी ते खोटे मानत नाही. प्रेम आणि मालकी एकाच माणसाच्या एकाच शब्दात राहू शकतात, म्हणूनच असे तंटे इतके जीवघेणे होतात. याचे उदाहरण ज्यांनी बेथेल वसवले त्यांच्याच घरात आहे. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, साधारण बारा वर्षांचा पोर, मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांना दिला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठे रण माजले. बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि सनातन्यांनी त्यांना कडवा विरोध केला. त्या बापाचा आकांत खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण न्यायालयात बापाचा हक्क, आणि नंतर शास्त्री-पंडितांत जातीचा हक्क, यांवरच वाद झाला. मुलगा कोणाचा हे सगळ्यांनी विचारले.

हेच गिलादमध्ये झाले. त्या सबंध झटापटीत लेआ आणि राहेल यांना कोणी एक प्रश्नही विचारला नाही. पण त्यांचे म्हणणे आपल्याला आधीच कळलेले आहे. रानात याकोबाने विचारले तेव्हा दोघींनी एकमुखाने सांगितले होते की बापाच्या घरात आता आमचा वाटा किंवा वतन उरले आहे काय, त्याने आम्हाला परक्या समजून विकले आणि आमचे पैसेही खाऊन टाकले. हा तिसरा हिशेब आहे. याकोबाची चौदा वर्षांची चाकरी म्हणजे मुलींचे मोल होते. त्यातले काही त्यांच्यासाठी राखून ठेवणे बापाचे काम होते, असे त्यांच्या तक्रारीतून दिसते. आपल्याकडे बहिणींच्या सह्या हक्कसोड पत्रावर कशा घेतल्या जातात, हे ज्यांनी तलाठ्याच्या कार्यालयात पाहिले आहे, त्यांना या दोघींचा राग वेगळा समजावून सांगायला नको. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि संसदेने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, तरी माहेर तुटू नये म्हणून ती सही करून मोकळी होते. उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. जालना आणि बीडमधून दर वर्षी फडावर जाणाऱ्या बायकांचा हिशेबही असाच दुसऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

म्हणून राहेलच्या चोरीकडे मी लबाडीची गंमत म्हणून पाहू शकत नाही. तिने देव का नेले, यावर बरेच लिहिले गेले आहे. किर्कूकजवळच्या नुझी या ठिकाणी 1925 ते 1931 या काळात उत्खनन झाले. तिथल्या मातीच्या पाट्यांवरून काही विद्वानांनी मांडले की घरचे देव ज्याच्याकडे, त्याच्याकडे वारसा. भावंडे वेगळी निघाली की टाक कोणाकडे जाणार, यावर आपल्याकडेही कुळाचाराचा मान ठरतो, त्यामुळे ही उपपत्ती मराठी वाचकाला चटकन पटते. पण 1962 मध्ये मोशे ग्रीनबर्ग यांनी तिच्यातला कच्चा दुवा दाखवला: त्या पाट्यांत देव वारसदाराकडे जातात, देव उचलून नेल्याने कोणी वारसदार होत नाही. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही कथेतला क्रम बोलका आहे. बापाच्या घरात आमचा वाटा उरला नाही असे जी म्हणाली, तीच पुढच्या काही ओळींत बापाच्या घरातली एक वस्तू उचलते. कायद्याने तिला काही मिळणार नव्हते. जे हाताला आले ते तिने घेतले, आणि बाप झडती घेताना ज्या कारणाने तिला उठवू शकला नाही, ते कारण कोणत्याही पुरुषी निवाड्याला ओलांडता न येणारे होते.

तिसरा आक्षेप धर्मनिष्ठ श्रोत्यांचा असू शकतो: पवित्र ग्रंथात तुम्ही मजुरीचे भांडण वाचता, देव कुठे आहे? देव याकोबाच्या भाषणाच्या शेवटच्या वाक्यात आहे. माझे दुःख आणि माझ्या हातांचे कष्ट देवाने पाहिले आणि काल रात्री निवाडा दिला, असे याकोब सांगतो. मजुरीचा प्रश्न मी बाहेरून आणलेला नाही. मजकुरातला देवच हातांचे कष्ट पाहून निवाडा देतो.

शेवटी समेट झाला, पण तो कसा? दोघांनी दगडांची रास रचली, तिच्यावर बसून जेवले. लाबानाने तिला आपल्या भाषेत नाव दिले, याकोबाने आपल्या. ही रास ओलांडून मी तुझ्याकडे वाईट हेतूने येणार नाही, तू माझ्याकडे येऊ नकोस, असा करार ठरला. माझ्या मुलींना छळू नकोस, त्यांच्यावर दुसऱ्या बायका करू नकोस, अशी अट लाबानाने घातली. मुलींची बाजू त्याने पहिल्यांदा इथे घेतली, आणि ती मनापासूनची असावी. आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा देवाने दोघांवर लक्ष ठेवावे, हे त्याचे उद्गार पुढे व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये प्रेमिकांच्या लॉकेटवर कोरले जात. मूळ प्रसंगात ते अविश्वासाचे उद्गार आहेत. जिथे विश्वास उरला नाही तिथे साक्षीदार लागतो, आणि दगड हा साक्षीदार निदान बाजू बदलत नाही. लाबानाने थकबाकी कबूल केली नाही, याकोबानेही पुन्हा मागितली नाही. मन जुळले असा दावा कथा करत नाही. तिने हद्द आखली, आणि त्या दिवशी रक्त सांडले नाही.

झडतीच्या वेळी लाबान ज्या दासींच्या तंबूत शिरला त्या बिल्हा आणि जिल्पा. लाबानाने त्या आपल्या मुलींना लग्नात दासी म्हणून दिल्या होत्या, आणि याकोबाच्या बारा मुलग्यांपैकी चौघे त्यांच्या पोटचे. सबंध कथेत त्यांच्या तोंडी एक शब्द नाही. गिलादहून पुढे गेल्यावर याकोबाला कळते की भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येतो आहे. वीस वर्षे आपण जावई की गडी हे ज्याने सोसले, तो तेव्हा आपल्या घरच्यांना रांगेत उभे करतो: सगळ्यांत पुढे दासी आणि त्यांची मुले, त्यांच्यामागे लेआ आणि तिची मुले, आणि सगळ्यांत शेवटी राहेल आणि तिचा मुलगा योसेफ.